फेलोशिप हातात आल्याशिवाय पीएचडीला बसू नका

आरोंद्यातल्या आणि तेरेखोल खाडीकाठच्या गावांतल्या, एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम. करून घरी आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. त्यांच्या आईवडिलांनीही वाचावे. या निर्णयाचा निम्मा भार त्यांच्यावर पडतो आणि त्यांना मात्र कुणी काही विचारत नाही.

निकाल लागला की आपल्याकडे दोन वाटा समोर दिसतात. एक किरणपाणीचा पूल ओलांडून पेडणे, म्हापसा, पर्वरीकडे जाते. कंपनी, हॉटेल, दुकान, मिळेल ते काम. दुसरी वाट म्हणजे ‘आता पीएचडी करतंय’ असे सांगणे. ही दुसरी वाट बऱ्याचदा नोकरी मिळेना म्हणून धरली जाते. गावात मान राहतो, लग्नाच्या बोलणीत सांगता येते, चार वर्षे कुणी काही विचारत नाही. पाचव्या वर्षी मात्र सगळेच विचारू लागतात.

मी पीएचडीच्या विरोधात नाही. एखादा प्रश्न ज्याला खरोखर सतावतो, त्याने तिकडे जावेच, आणि आपल्या भागातून जावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकतो: दर महिन्याला हातात पैसे देणारी फेलोशिप मिळाल्याशिवाय पूर्णवेळ पीएचडीला नाव नोंदवू नका. गाइड कितीही मोठा असो, विद्यापीठ कितीही नावाजलेले असो, ‘आधी ये, पैशाचे नंतर बघू’ असे कुणी कितीही प्रेमाने म्हणो.

पीएचडी हे पूर्ण दिवसाचे काम आहे. यूजीसीच्या 2022 च्या नियमावलीत तिची किमान मुदत 3 वर्षे आणि कमाल 6 वर्षे ठेवली आहे; पुनर्नोंदणी करून आणखी 2 वर्षे वाढवता येते. कोर्सवर्क, विषयाची मान्यता, दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे सादरीकरण, मग सिनॉप्सिस, थीसिस, बाहेरच्या दोन परीक्षकांचे अहवाल आणि शेवटी व्हायवा. यात कुणी ढिलाई केली नाही तरी साडेचार-पाच वर्षे सहज जातात. चोविसाव्या वर्षी सुरुवात केलेला मुलगा तिशीला टेकतो. इतकी वर्षे खोलीभाडे, मेस, प्रवास, फोटोकॉपी आणि घरचे एखादे आजारपण हे सगळे वडिलांच्या होडीवर किंवा चार काजूकलमांवर चालवायचे, आणि त्यात मन लावून संशोधनही करायचे, हे होत नाही. मुले हुशार नसतात म्हणून होत नाही असे नाही. महिनाअखेरीला खिशात पैसे नसताना कुणाचेच डोके नीट चालत नाही.

पैसे कुठून येतात ते नीट समजून घ्या. नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे एसआरएफ म्हणून 42,000 रुपये, शिवाय घरभाडे, हा दर 1 जानेवारी 2023 पासून लागू झाला. विज्ञानवाल्यांसाठी सीएसआयआर-यूजीसीची संयुक्त परीक्षा, बाकीच्यांसाठी यूजीसी-नेट. जीवशास्त्राकडच्यांना डीबीटी आणि आयसीएमआरच्या वेगळ्या फेलोशिप आहेत. जेआरएफला वयाची अट 30 वर्षे आहे. मुली, मागासवर्गीय आणि दिव्यांग यांना 5 वर्षांची सवलत मिळते. म्हणून एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच नेटचा अभ्यास सुरू करा, पदवी हातात आल्यावर नव्हे. 2024 पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह, केवळ सहायक प्राध्यापकपदासाठी आणि पीएचडी प्रवेशासाठी, किंवा नुसता पीएचडी प्रवेशासाठी. या तिसऱ्या गटात नाव आले की घरी पेढे वाटतात. पण त्या निकालाने प्रवेशाचे दार उघडते, एक रुपयाही मिळत नाही. हा फरक आईवडिलांना समजावून सांगा.

जेआरएफ हुकली तर राज्याच्या संस्था आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्याची बार्टी, मराठा आणि कुणबी-मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती. या फेलोशिपच्या जागा, निवडीची पद्धत आणि पैसे मिळण्याची वेळ यांवरून गेली काही वर्षे विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा आंदोलने करावी लागली आहेत, हे विसरू नका. केंद्राची फेलोशिपही वेळेवर येतेच असे नाही. यूजीसीच्या पोर्टलवर तुमच्या संस्थेने दर महिन्याला पुष्टी टाकावी लागते. कार्यालयातला कारकून रजेवर गेला की पैसे अडकतात. त्याच्याशी चांगले संबंध ठेवा, तारीख लक्षात ठेवा, स्वतः जाऊन विचारा. पहिली रक्कम यायला काही महिने लागतात हे धरून सहा महिन्यांचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवा. घरातून कर्ज काढायचेच असेल तर या सहा महिन्यांपुरते काढा, पाच वर्षांसाठी नको.

नोकरी असलेल्यांची गोष्ट वेगळी. शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत असाल तर संस्थेचे ना हरकत पत्र घेऊन अर्धवेळ पीएचडी करता येते, नियमावलीत तशी सोय आहे. वेळ जास्त लागेल, पण पोटाची चिंता नसेल.

पैशाची आणि संशोधनाची गाठ किती घट्ट असते हे पाहायचे असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची विद्यार्थिदशा पुन्हा वाचा. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, त्या पदव्यांमागची पैशाची ओढाताण मात्र आपल्याला ठाऊक नसते. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बदल्यात दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार होता. कोलंबियात तीन वर्षे झाली, 1916 मध्ये ते लंडनला पोहोचले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये काम सुरू झाले आणि 1917 मध्ये शिष्यवृत्ती संपली. प्रबंध अर्धवट. परत यावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने ते लक्षात ठेवावे: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली.

बडोद्यात करारानुसार नोकरीला गेले, तर तिथे जातीमुळे राहायला घर मिळेना, कचेरीत अपमान. नोकरी सोडावी लागली. 1918 च्या अखेरीस मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून 450 रुपये पगारावर लागले. हा पगार त्या काळी मोठा होता. तरी त्यांनी काटकसर केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून उसने घेतले आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठले. 1921 मध्ये एम.एस्सी., 1923 मध्ये डी.एस्सी. तीही सरळ मिळाली नाही. प्रबंधावर परीक्षकांनी हरकती घेतल्या, तो सुधारून पुन्हा सादर करावा लागला. कोलंबियाच्या पीएचडीची पदवी तर प्रबंध छापून दिल्यावर 1927 मध्ये रीतसर मिळाली.

त्यांच्याइतकी बुद्धी आणि जिद्द आपल्यापैकी कुणात नाही. त्यांनाही पैसा संपल्यावर तीन वर्षे थांबावे लागले. तेव्हा ‘इच्छा असली की मार्ग निघतो’ असे सांगून एखाद्या मच्छीमाराच्या मुलीला बिनपैशाने पीएचडीला बसवणारे लोक तिचे भले करत नाहीत. मुदत संपण्याआधी लेखी परवानगी घेणे, कमावून परत येणे, मदत मागायला न लाजणे, दुरुस्ती सांगितली तर ती करून पुन्हा सादर करणे, या गोष्टी मात्र त्यांच्याकडून आपण जशाच्या तशा घेऊ शकतो.

आता गाइड. माझ्या पाहण्यात पीएचडी अर्धवट सुटण्याचे पैशानंतरचे सर्वांत मोठे कारण गाइड हेच आहे. आणि ही निवड आपली मुले सगळ्यात कमी विचार करून करतात: ओळखीचे आहेत, आपल्याच बाजूचे आहेत, सरांनी स्वतःहून विचारले. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी असू शकतात. आधी विचारा, सध्या किती आहेत. मग शोधगंगा उघडा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. ज्यांच्याकडे जायचे आहे त्यांच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध शोधून काढा. प्रत्येकाला किती वर्षे लागली, विषय एकमेकांची नक्कल वाटतात का, शेवटचा प्रबंध कधीचा आहे, हे पाहिले की बरेच कळते. त्यानंतर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा. सध्याच्या विद्यार्थ्यांना नको. ते बिचारे मोकळेपणी बोलू शकत नाहीत. ज्यांनी मध्येच सोडले त्यांना तर नक्की विचारा. त्यांचा नंबर कुणी देत नसेल तर तेही एक उत्तरच समजा.

काय विचारायचे? लिहून दिलेले प्रकरण सर किती दिवसांत वाचून परत देतात. लेखात पहिले नाव कुणाचे जाते. घरची कामे सांगतात का. मुलींना रात्री उशिरा प्रयोगशाळेत थांबवतात का, आणि बरोबर कोण असते. फील्डवर्कला जाताना खर्च कोण करते. या प्रश्नांत उद्धटपणा काही नाही. पाच वर्षे ज्या माणसाच्या सहीवर अवलंबून राहायचे, त्याच्याबद्दल एवढी चौकशी आपण करायलाच हवी. मुलीसाठी स्थळ बघताना याहून जास्त करतो.

चांगला गाइड तुमच्याशी सहमत असलाच पाहिजे असे मुळीच नाही. आंबेडकरांचे लंडनमधले मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी त्यांच्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, आणि त्या प्रस्तावनेतच आपल्याला लेखकाची बरीच मते मान्य नाहीत हे मोकळेपणाने नोंदवले. प्रबंधाचे काम त्यामुळे अडले नाही. इरावती कर्वे 1928 मध्ये बर्लिनला गेल्या, त्या सासरे धोंडो केशव कर्वे यांच्या मनाविरुद्ध, नवऱ्याच्या पाठिंब्यावर आणि जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जावर. त्यांचे गाइड ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीची ठेवण आणि वंश यांचा संबंध सापडेल या अपेक्षेने त्यांनी विषय दिला. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध नाही असे लिहून दिले. 1930 मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. परदेशात, कर्जावर, गाइडच्या मताविरुद्ध निष्कर्ष मांडायला लागणारे धैर्य प्रत्येकात असेल असे मी म्हणत नाही. पण मोजलेले आकडे बदलायला सांगणाऱ्या गाइडपासून दूर जाण्याचा हक्क तुम्हाला आहे. गाइड बदलता येतो. अर्ज विभागाच्या संशोधन समितीकडे करायचा, लेखी, तारीख टाकून आणि पोच घेऊन.

विषय निवडताना आपण आपल्या पायाखाली बघत नाही, याचे मला फार वाईट वाटते. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात सापडलेल्या माशाची 2020 मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. कुडोपीची कातळशिल्पे कोकणातल्या इतर कातळशिल्पांबरोबर 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. दोडामार्गात रानटी जायफळाची दलदल आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेले काजूचे वाण आपल्याच बागांत उभे आहेत. आणि आपली खाडी: कांदळवन, कालवे, तिसऱ्या, खारफुटीतली मासेमारी, खाऱ्या पाण्याने जाणारी खाजण शेती, दोन राज्यांचे दोन वेगळे कायदे एकाच पाण्यावर. दशावतार आहे, मालवणी बोली आहे. बाहेरचा संशोधक इथे येऊन खोली भाड्याने घेतो, दुभाष्या शोधतो, दोन पावसाळे घालवतो, तेव्हा कुठे लोक त्याच्याशी बोलू लागतात. तुमच्याशी ते आजच बोलतील. निवड समितीपुढे ही मोठी जमेची बाजू आहे. ती संकोचाने लपवू नका, प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा.

आरोंद्याहून पणजी मुंबईच्या कितीतरी जवळ आहे. तरी आपली मुले मुंबई-पुण्याचीच चौकशी करतात. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून आहे. ती सीएसआयआरची, म्हणजे केंद्राची. तिथल्या संशोधनाच्या जागांना गोव्याच्या रहिवासाची अट नाही. ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ आहे. जुन्या गोव्यात कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीवरची संस्था आहे. बिट्स पिलानीचा कॅम्पस आहे, 2016 पासून आयआयटीही आहे. यातल्या ज्या प्रयोगशाळेत जायचे आहे तिथे एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा उन्हाळ्यातले दोन महिने मागा. तुमचे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या शास्त्रज्ञाचे शिफारसपत्र हे ओळखीच्या दहा पत्रांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

पुढच्या नोकरीचा विचार करताना मात्र ही खाडी आडवी येते. गोवा सरकारच्या महाविद्यालयांतल्या जागा गोवा लोकसेवा आयोगाकडून भरल्या जातात आणि तिथे 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला व कोकणीचे ज्ञान मागतात. भाषेची अडचण आपल्याला नाही, आपण तीच बोलतो. दाखल्याची आहे. पलीकडे मामाचे घर असले तरी दाखला मिळत नाही. हे पाच वर्षे तिथे शिकून झाल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेले बरे. दुसरीकडे, पुणे विद्यापीठ घेते ती सेट परीक्षा महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी चालते. तिला वयाची अट नाही, आणि बऱ्याच विषयांचा पेपर मराठीतही असतो. ती लवकर काढून ठेवा. 1 जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे आणि पीएचडी ऐच्छिक आहे. म्हणजे केवळ महाविद्यालयात शिकवायचे एवढाच हेतू असेल, तर पाच वर्षे घालवण्याआधी सेट काढा आणि अर्ज करायला लागा. बढतीसाठी पीएचडी लागेल, ती नोकरीत राहून करता येईल.

मुलींसाठी दोन शब्द वेगळे. नियमावलीत महिला संशोधकांना आणि 40 टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी 2 वर्षांची सवलत आहे, म्हणजे एकूण 10 वर्षांपर्यंत. बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा आहे. विभागात कुणी ‘असे काही नसते’ म्हणाले तर नियमावलीची प्रत समोर ठेवा. लग्नाची बोलणी होत असतील तर पीएचडीला अजून किती वर्षे लागतील हे समोरच्या घराला स्पष्ट सांगा. मध्ये खंड पडलेल्या बायकांना संशोधनात परत आणण्यासाठी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची वाइज ही योजना आहे. चाळिशीजवळ आलेल्या एखाद्या ताईने ‘आता काय उरलंय’ म्हणण्याआधी ती पाहावी.

लेख छापण्याच्या बाबतीत थोडक्यात. पैसे घेऊन आठ दिवसांत लेख छापून देणाऱ्या नियतकालिकांना हात लावू नका. 2022 च्या नियमावलीने प्रबंधाआधी लेख छापण्याची सक्ती काढली आहे आणि यूजीसीने आपली मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी 2025 मध्ये बंद केली. आता चांगले-वाईट ओळखण्याची जबाबदारी आपलीच आहे. तुमच्या विषयातले चार चांगले लोक जे वाचतात तिथे पाठवा. नकार आला तर सुधारा, दुसरीकडे पाठवा. आणि प्रबंध लिहून देणाऱ्या दुकानांपासून शंभर हात दूर राहा. अशी चोरी वीस वर्षांनीही उघडकीला येऊ शकते, आणि पदवी तेव्हाही काढून घेता येते.

पोस्टडॉकची तयारी थीसिस देण्याच्या आधी वर्षभर सुरू झाली पाहिजे. बहुतेक जण व्हायवा झाल्यावर जागे होतात आणि मग एक-दीड वर्ष रिकामे जाते. केंद्राची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप, जी पूर्वी सर्ब देत असे आणि आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आहे, दोन वर्षांची असते, वयाची मर्यादा 35 वर्षे, राखीव गटांना आणि महिलांना 5 वर्षे सवलत; प्रबंध सादर केलेल्यालाही अर्ज करता येतो. समाजशास्त्रांसाठी आयसीएसएसआर आहे. एखाद्या प्रकल्पात रिसर्च असोसिएट म्हणून लागलात तर 2023 च्या दरांप्रमाणे 58,000 रुपयांपासून मानधन आहे. परदेशासाठी जर्मनीची हुम्बोल्ट, युरोपीय संघाची मारी क्युरी, अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू. मारी क्युरीत एक अट पक्की लक्षात ठेवा: ज्या देशात जायचे तिथे आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिलेले चालत नाही. या सगळ्यांत तुम्हाला घ्यायला तयार असलेला तिथला शास्त्रज्ञ आधी लागतो. म्हणून पत्र लिहावे लागते, आणि इथे आपली मुले फार मार खातात. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवतात, सुरुवातीला स्तुतीचे चार ओळींचे तोरण बांधतात. त्या माणसाचे दोन लेख खरोखर वाचा. त्यातल्या एका गोष्टीपासून तुमचे काम पुढे कसे जाईल ते पाच-सहा ओळींत लिहा. कोणत्या फेलोशिपला, कोणत्या तारखेपर्यंत अर्ज करणार ते सांगा. तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. इंग्रजी साधे असले तरी चालते. शिफारसपत्र देणाऱ्यांना निदान महिनाभर आधी कळवा, आणि सोबत स्वतःच्या कामाची यादी द्या म्हणजे ते नेमके लिहू शकतील.

आता सगळ्यात कडू भाग. महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयांतली प्राध्यापक भरती 2017 पासून बराच काळ थांबली, नंतर थोडी थोडी सुटली. रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावर माणसे घेऊन वर्षे ढकलली जात आहेत. कायम सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन 57,700 रुपये, आणि त्याच वर्गात, त्याच फळ्यावर शिकवणारा तासिका तत्त्वावरचा माणूस केवळ घेतलेल्या तासांचे पैसे घेतो, तेही वर्षाचे काही महिने, तेही उशिरा. सुटीत काही नाही. माझ्या ओळखीत असे शिकवणारे पीएचडीधारक आहेत ज्यांचे केस पांढरे झाले. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोलले पाहिजे. पण तो दूर होईपर्यंत तुमच्या घरी चूल पेटायची आहे. म्हणून तासिका तत्त्वावर काम घ्याल तर स्वतःला मुदत घाला. माझ्या मते दोन वर्षे. त्या काळात शिकवण्याचा अनुभव मिळतो, प्रमाणपत्र मिळते. त्यापुढे ‘जागा निघणार आहे, तुमचेच नाव आहे’ या आश्वासनावर थांबू नका. जाहिरात निघाली की बिंदुनामावलीत जागा कोणत्या प्रवर्गाची आहे ते आधी पाहा, अर्जाची पोच घ्या. आणि कुणी जागेसाठी पैसे मागितले तर देऊ नका. जमीन विकून तर नाहीच. पैसे दिल्यावर जागा न मिळालेले लोक गप्प बसतात, म्हणून त्यांच्या गोष्टी तुमच्या कानावर येत नाहीत.

प्राध्यापकी हा पीएचडीचा एकच शेवट मानणे सोडून द्या. कृषी संशोधन सेवेतली शास्त्रज्ञपदे आहेत, केंद्राच्या सर्वेक्षण संस्था आहेत, वन विभागाचा कांदळवन कक्ष आहे, औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळा किरणपाणीपासून तासाभराच्या पल्ल्यात आहेत, पर्यावरण अहवाल करणाऱ्या संस्था आहेत, संग्रहालये आणि प्रकाशने आहेत. आकडेवारी हाताळणे, नकाशे करणे, स्वच्छ लिहिणे, यातले एक कौशल्य पीएचडीच्या काळात पक्के करा. ते कुठेही उपयोगी पडते.

घरच्यांना हात जोडून एक विनंती. ‘अजून किती वर्सां शिकतलंस?’ हा प्रश्न सणासुदीला, पाहुण्यांसमोर विचारू नका. त्याऐवजी वर्षातून एकदा, गणपती झाल्यावर निवांत बसून मुलाला किंवा मुलीला हिशोब विचारा: किती काम झाले, किती राहिले, पैसे कधीपर्यंत आहेत, त्यानंतर काय. कागदावर लिहून घ्या. उत्तर नसेल तर ओरडू नका, महिनाभराने पुन्हा बसा. आणि मुलांनो, तुम्हीही हे लपवू नका. धर्मानंद कोसंबी 1899 मध्ये विद्येच्या ओढीने गोव्यातले घर सोडून निघाले, पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप हिंडले, काशीत अन्नछत्रातले जेवून शिकले. पदवी नसलेला हा माणूस पुढे हार्वर्डला पाली ग्रंथाचे संपादन करू लागला. आम्हा कोकणी माणसांना त्यांचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण त्या वेळी घरी पत्नी बाळाबाई होती आणि तान्ही मुलगी होती. बाळाबाईची ती वर्षे कशी गेली असतील याचाही विचार करा. आज आपल्याला असा त्याग कुणाकडून मागण्याची गरज नाही, कारण फेलोशिप आहेत, नियम आहेत, रजा आहे.

कोसंबींच्याच आयुष्यातली आणखी एक गोष्ट इथे लागू पडते. कलकत्त्याची अध्यापनाची जागा सोडून त्यांनी सयाजीरावांचे दरमहा 50 रुपये घेतले. अट एवढीच की महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावी राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. रक्कम लहान, पण मुदत स्पष्ट, काम स्पष्ट आणि काम करायची जागा आपल्या लोकांत. हार्वर्डला मात्र संपादक म्हणून नाव कुणाचे यावरून वाद झाला, आणि ते 1912 मध्ये परत आले. पुढे ते पुन्हा गेले, काम तडीस नेले, पण तो ग्रंथ छापून आला 1950 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. तेव्हा कामात तुमचे नाव कुठे आणि कसे येणार हे सुरुवातीलाच बोलून घ्या, आणि ठरलेले ईमेलने पाठवून ठेवा.

शेवटी जे पुढे गेले आहेत त्यांच्यासाठी. सिंधुदुर्गातून पीएचडी झालेले, पोस्टडॉक म्हणून देशात-परदेशात असलेले, प्राध्यापक झालेले तुम्ही बरेच जण आहात. तुमचे मंजूर झालेले प्रस्ताव, आणि नामंजूर झालेलेही, परीक्षकांच्या शेऱ्यांसह आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवायला द्या. सावंतवाडीच्या किंवा वेंगुर्ल्याच्या मुलीने मंजूर प्रस्ताव कधी डोळ्यांनी पाहिलेलाच नसतो; पुण्याच्या मुलीला तो शेजारच्या टेबलावर मिळतो. मे महिन्यात घरी याल तेव्हा एक दुपार काढा आणि गावातल्या पाच-सहा मुलांना बसवून त्यांचे अर्ज तपासा. मुलांनी त्यासाठी तीन कागद बरोबर आणावेत: नेट-सेटच्या पुढच्या परीक्षेची तारीख लिहिलेला, तीन संभाव्य गाइडांची आणि त्यांच्या दोन-दोन जुन्या विद्यार्थ्यांची नावे लिहिलेला, आणि पाच वर्षांच्या खर्चाचा. तिसरा कागद वडिलांबरोबर बसून भरलेला असावा.